यकृताचा कर्करोग : काढायचे किती आणि राखायचे किती?

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)





शैक्षणिक संस्थेच्या व्यासपीठावरून यकृताच्या कर्करोगावर व्याख्यान कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर नव्हे, साधा शाळामास्तर आहे. कोणाला औषध सुचविण्याचा किंवा कोणाच्या रोगाचे निदान करण्याचा मला अधिकार नाही. परंतु डॉक्टर जे पाच मिनिटांत सांगतात आणि घाबरलेल्या नातेवाइकांच्या कानांवरून जे निघून जाते, ते सावकाश, फळ्यावर मांडल्यासारखे समजावून सांगणे हे मास्तराचे काम खचितच आहे.

या रोगाबद्दल आपल्या समाजात दोन समजुती घट्ट रुजल्या आहेत. पहिली अशी की, "आपल्यात दारू हराम आहे, तेव्हा लिव्हरचा आजार आपल्या वाटेला यायचा नाही." दुसरी अशी की, "गाठ लहान असेल तर ऑपरेशन होते, मोठी असेल तर होत नाही." या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. पहिलीमुळे रोग वेळेवर ओळखला जात नाही. दुसरीमुळे रोग ओळखल्यानंतरही कुटुंब डॉक्टरांवर अविश्वास धरते आणि भलत्याच दारी जाऊन उरलेला वेळ घालवते. दुसरी समजूत आधी घेऊ, म्हणजे पहिलीचे उत्तर आपोआप पुढे येईल.

जिगर, काळीज आणि कलेजी

यकृत कसे दिसते हे आपल्या घरातील मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. बकरी ईदच्या दिवशी सर्वांत आधी चुलीवर चढते ती कलेजी. गडद तांबूस-तपकिरी, गुळगुळीत, मऊ आणि रक्ताने भरलेली. माणसाचे यकृतही असेच असते. ते पोटाच्या वरच्या भागात, उजव्या बाजूच्या फासळ्यांच्या आड असते आणि प्रौढ माणसात त्याचे वजन सुमारे दीड किलो भरते. उर्दूत त्याला जिगर म्हणतात. धाडसी माणसाला आपण जिगरबाज म्हणतो, जवळच्या मित्राला जिगरी दोस्त म्हणतो. माया आणि हिंमत आपल्या पूर्वजांनी या अवयवाच्या हवाली केली ती उगाच नव्हे.

या अवयवाची कामे अनेक आहेत. अन्नातून आलेली साखर साठवणे, पित्त तयार करणे, रक्त गोठण्यासाठी लागणारे घटक बनवणे, औषधे आणि विषारी द्रव्ये निकामी करणे. दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त त्यातून वाहते, आणि ते दोन वाटांनी येते. सुमारे तीन-चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या शिरेतून येते. तिला डॉक्टर पोर्टल व्हेन म्हणतात. उरलेले चतुर्थांश रक्त धमनीतून येते. ही दोन वाटांची गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती उपयोगी पडणार आहे.

यकृताचा एक गुण इतर कोणत्याही मोठ्या अवयवात नाही. तो असा की, त्याचा भाग कापून काढला तर उरलेला भाग वाढून ती उणीव भरून काढतो. उंदरांच्या यकृताचा दोन-तृतीयांश भाग काढला तरी ते पुन्हा पूर्ववत वजनाचे होते, हे हिगिन्स आणि अँडरसन या अमेरिकन संशोधकांनी १९३१ साली दाखवून दिले. आज जिवंत दाता आपल्या यकृताचा अर्ध्याहून अधिक भाग नातेवाइकाला देतो आणि काही महिन्यांत त्याचे यकृत बव्हंशी पूर्वीच्या आकारमानाला येते, ते याच गुणामुळे.

मात्र या गुणाला एक अट आहे. यकृत निरोगी पाहिजे. वर्षानुवर्षे त्याला इजा होत राहिली तर प्रत्येक जखमेच्या जागी व्रण धरतो. व्रणांच्या जाळ्यात निरोगी पेशींच्या लहान लहान गाठोळ्या अडकतात, आणि मऊ कलेजी टणक व खडबडीत होते. या अवस्थेला सिरोसिस म्हणतात. स्टेथोस्कोपचा शोध लावणाऱ्या लाएनेक या फ्रेंच डॉक्टरांनी १८१९ साली हे नाव दिले. ग्रीक भाषेतील पिवळट-तपकिरी रंगाच्या शब्दावरून ते आले आहे. सिरोसिस झालेल्या यकृतात रक्ताला वाट मिळत नाही. पोर्टल व्हेनमध्ये दाब वाढतो, पांथरी सुजते, अन्ननलिकेतील शिरा फुगतात, पुढे पोटात पाणी भरू लागते. आणि मुख्य म्हणजे, पुन्हा वाढण्याची शक्ती मंदावते. यकृतात सुरू होणारा कर्करोग बहुतांशी अशाच यकृतात उद्भवतो. निरोगी यकृतात तो होणारच नाही असे नाही. परंतु असे रुग्ण साधारणपणे पाचांत एक किंवा त्याहूनही कमी.

येथे एक खुलासा केला पाहिजे. सोनोग्राफीत यकृतात दिसलेली प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. रक्तवाहिन्यांचे निरुपद्रवी गुच्छही तशा दिसतात. शिवाय आतडे किंवा स्तन यांचा कर्करोग यकृतात पसरतो, तो रोग निराळा आणि त्याचे उपचारही निराळे. आजचे विवेचन यकृतातच सुरू होणाऱ्या मुख्य कर्करोगापुरते आहे.

दोन रुग्णांचे उदाहरण

समजा, एका रुग्णालयात एकाच दिवशी दोन रुग्ण आले. पहिला पस्तीस वर्षांचा. त्याच्या यकृताच्या उजव्या भागात १२ सेंटिमीटरची, म्हणजे सोललेल्या नारळाएवढी गाठ आहे. परंतु बाकीचे यकृत मऊ, निरोगी आहे. दुसरा अठ्ठावन्न वर्षांचा. त्याची गाठ अवघी ४ सेंटिमीटरची, लिंबाएवढी. परंतु त्याला सिरोसिस आहे, पोटात पाणी आहे, डोळे पिवळे आहेत आणि रक्तातील प्लेटलेट साठ हजारांवर उतरल्या आहेत.

डॉक्टर पहिल्याला म्हणतात, "रोग बाहेर पसरलेला नाही आणि मोठ्या रक्तवाहिन्यांत शिरलेला नाही, तेव्हा ऑपरेशन करू, उजवा भाग काढून टाकू." दुसऱ्याला म्हणतात, "तुमची गाठ कापून काढता येणार नाही. दुसऱ्या उपायांचा विचार करू." दुसऱ्या रुग्णाचे नातेवाईक बाहेर येऊन काय बोलतील? "नारळाएवढी गाठ काढतात आणि लिंबाएवढीला हात लावत नाहीत! यात काहीतरी गौडबंगाल आहे."

गौडबंगाल काही नाही. हा साधा जमाखर्च आहे. दुकानदार दिवसाच्या शेवटी किती खर्च झाला एवढेच पाहत नाही. पेटीत शिल्लक किती उरली आणि त्या शिलकीवर उद्याचा धंदा चालेल काय, हे पाहतो. यकृताचा सर्जनही गाठीबरोबरच शिलकीकडे पाहतो. यकृत निरोगी असेल तर त्याचा सुमारे २० ते ३० टक्के भाग मागे राहिला तरी माणूस तरतो, कारण तो भाग वाढतो. सिरोसिस असेल तर निदान ४० टक्के भाग मागे ठेवावा लागतो, आणि तोही रुग्णाची प्रकृती बरी असेल तरच. पहिल्या रुग्णाच्या पेटीत थोडी पण खणखणीत नाणी उरली. दुसऱ्याच्या पेटीत नाणी पुष्कळ दिसत असली तरी निम्मी खोटी निघाली. त्याच्या यकृताचा मोठा तुकडा काढला तर कर्करोग जाईल, परंतु उरलेले यकृत बंद पडून रुग्ण काही दिवसांतच दगावण्याची भीती असते.

शस्त्रक्रियेची वाटचाल

यकृताला सुरी लावण्यास सर्जन फार काळ धजत नव्हते, कारण त्यातून होणारा रक्तस्राव आवरत नसे. बर्लिनचे कार्ल लांगेनबुख यांनी यकृताचा भाग ठरवून काढल्याची यशस्वी शस्त्रक्रिया १८८८ साली प्रसिद्ध झाली. ग्लासगोचे सर्जन प्रिंगल यांनी १९०८ साली एक सोपी युक्ती सांगितली. यकृताकडे जाणाऱ्या त्या दोन्ही वाटा एकाच जागी चिमटीत धरल्या की रक्तस्राव थोपवता येतो. ही युक्ती आजही जगभर वापरली जाते. १९५२ साली पॅरिसमध्ये लोर्ता-जाकोब यांनी रक्तवाहिन्या आधी बांधून संपूर्ण उजवा भाग काढला. आणि १९५७ साली क्लोद क्विनो या फ्रेंच शरीररचनाशास्त्रज्ञांनी यकृताचे आठ भाग दाखवून दिले. प्रत्येक भागाला रक्त पुरवणारी फांदी वेगळी आणि पित्त वाहून नेणारी नळीही वेगळी. मोसंबीच्या फोडी जशा वेगळ्या करता येतात, तसा एखादा भाग शेजारच्याला धक्का न लावता काढता येतो, हे त्यामुळे कळले.

हे सर्व काम युरोपातच झाले असे मात्र नाही. व्हिएतनाममधील हानोई येथे तोन थाट तुंग यांनी यकृताचे मांस बोटांनी हलकेच कुस्करून आतील रक्तवाहिन्या मोकळ्या करायच्या व एकेक बांधायची, अशी पद्धत विकसित केली आणि १९६३ साली 'लॅन्सेट' या नामवंत वैद्यकीय नियतकालिकात ती जगापुढे मांडली. साधनांची टंचाई आणि युद्धाची छाया असलेल्या देशातून हे ज्ञान आले. आमच्याकडे सोयी नाहीत म्हणून आमच्या हातून काही होणार नाही, असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

सिरोसिसच्या रुग्णांवरील शस्त्रक्रियेला शिस्त लावण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणावर जपानकडे जाते. मासातोशी माकुउची यांनी ऑपरेशन चालू असतानाच यकृतावर सोनोग्राफीचे यंत्र टेकवून गाठ व रक्तवाहिन्या पाहण्याची आणि नेमका तेवढाच भाग काढण्याची पद्धत रूढ केली. याच काळात, १९८० च्या दशकात, जपानी डॉक्टरांनी आणखी एक उपाय आणला. काढावयाच्या बाजूची पोर्टल व्हेनची फांदी आधीच बंद करायची, म्हणजे रक्त दुसऱ्या बाजूला वळते आणि चार ते सहा आठवड्यांत ती बाजू वाढते. शिल्लक आधी वाढवून घ्यायची आणि मग खर्च करायचा, असा हा हिशेब आहे.

सिरोसिस असताना डॉक्टर काय पाहतात?

सिरोसिस आहे म्हणजे ऑपरेशन अशक्य, असेही समजू नये. सिरोसिसच्याही पायऱ्या आहेत. त्या मोजण्यासाठी पाच गोष्टी पाहतात : रक्तातील बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्यास लागणारा वेळ, पोटातील पाणी आणि रुग्णाला येणारा भ्रम किंवा झापड. १९६४ साली चाइल्ड व टर्कॉट यांनी सुचवलेल्या आणि १९७३ साली प्यू यांनी सुधारलेल्या या पद्धतीत ५ ते १५ गुण दिले जातात आणि त्यावरून अ, ब, क असे वर्ग पडतात. शाळेतल्या गुणांच्या उलट, येथे गुण जितके कमी तितके चांगले. कापून काढण्याचा विचार मुख्यतः 'अ' वर्गातील रुग्णांबाबत होतो, आणि त्यातही पोर्टल व्हेनमधील दाब फार वाढलेला नसावा लागतो. सुजलेली पांथरी, एक लाखाखाली उतरलेल्या प्लेटलेट आणि अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा ही त्या वाढलेल्या दाबाची चिन्हे होत.

काही केंद्रांत, विशेषतः जपानसारख्या देशांत, एक हिरवा रंग शिरेतून टोचून पंधरा मिनिटांनी रक्तात तो किती उरला हे मोजतात. निरोगी यकृत बहुतेक रंग काढून टाकते. दहा टक्क्यांपेक्षाही कमी उरतो. जितका रंग अधिक उरेल तितका लहान भाग काढावा, असे माकुउची यांचे कोष्टक सांगते.

सिरोसिसच्या रुग्णात सुईने तुकडा न काढताही निदान पुष्कळदा पक्के करता येते. मघाशी सांगितलेल्या दोन वाटा येथे उपयोगी पडतात. निरोगी यकृत मुख्यतः पोर्टल व्हेनच्या रक्तावर जगते, तर ही गाठ धमनीच्या रक्तावर पोसते. म्हणून शिरेतून औषध देऊन सी. टी. स्कॅन किंवा एम. आर. आय. काढला की गाठ आधी उजळते आणि मग भोवतालच्या यकृतापेक्षा फिकी पडते.

गाठ लहान आहे पण कापता येत नाही, तेव्हा दुसरे मार्ग आहेत. साधारण तीन सेंटिमीटरपर्यंतची गाठ सुई घालून उष्णतेने जाळता येते. धमनीतून औषध सोडून गाठीचे रक्त तोडता येते. गोळ्या व इंजेक्शने आहेत. आणि योग्य रुग्णासाठी यकृताचे प्रत्यारोपण आहे, ज्यात कर्करोगाबरोबर सिरोसिसही जातो. इटलीतील मिलान येथील मात्साफेर्रो यांनी १९९६ साली दाखवले की, एकच गाठ पाच सेंटिमीटरपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीन गाठी प्रत्येकी तीन सेंटिमीटरपर्यंत, अशा रुग्णांपैकी पंचाहत्तर टक्के रुग्ण प्रत्यारोपणानंतर चार वर्षांनी हयात होते. अवयवदान धर्माला मान्य आहे काय, असे पालक विचारतात. जिद्दा येथील इस्लामी फिक्ह अकादमीने १९८८ साली काही अटींवर प्रत्यारोपणास मान्यता दिली आहे. या बाबतीत उलेमांत मतभेदही आहेत. ज्यांच्या घरी प्रसंग येईल त्यांनी आपल्या विश्वासातील आलिमांना विचारावे, परंतु वेळेवर विचारावे.

ऑपरेशननंतर

"कॅन्सरला सुरी लागली की तो पसरतो" हे वाक्य आपण लग्नघरापासून कब्रस्तानापर्यंत ऐकतो. या समजुतीचे मूळ कशात आहे ते पाहू. सिरोसिसच्या रुग्णाची गाठ नीट काढली तरी पाच वर्षांत सुमारे सत्तर टक्के रुग्णांत पुन्हा गाठ दिसते. लोक त्याचा दोष सुरीला देतात. खरी गोष्ट अशी की, काही वेळा पूर्वीच्याच रोगाचे सूक्ष्म अंश मागे राहिलेले असतात, आणि काही वेळा त्याच आजारी यकृतात नवीन गाठ धरते. तण उपटले, पण शेत तेच राहिले. म्हणून ऑपरेशन झाले की काम संपले असे नाही. दर काही महिन्यांनी तपासणी आणि मूळ रोगावरील औषध हे चालूच ठेवावे लागते. पुन्हा आलेली गाठ लहान असताना सापडली तर तिच्यावरही उपाय करता येतो. म्हणूनच नीट निवडलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक पाच वर्षांनंतरही हयात असतात. ऑपरेशनमधील धोकाही पूर्वीच्या मानाने पुष्कळ कमी झाला आहे. १९७० च्या दशकात सिरोसिसच्या रुग्णांपैकी दहा टक्क्यांहून अधिक रुग्ण या शस्त्रक्रियेनंतर दगावत. आज अनुभवी केंद्रांत, योग्य निवड केल्यास, हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आणले गेले आहे.

निरोगी यकृताच्या रुग्णाची अडचण वेगळी. त्याच्यावर कोणाची पाळत नसते. यकृताच्या आत वेदना कळत नाही; वरचे आवरण ताणले गेले की मगच दुखते. त्यामुळे गाठ मोठी झाल्यावरच तो डॉक्टरांकडे पोहोचतो. तरीही ऑपरेशन हाच त्याच्यासाठी मुख्य आणि आशेचा मार्ग असतो. "एवढी मोठी गाठ, आता काय उपयोग?" असे म्हणून त्याला घरी बसवणे हा मोठा अन्याय होय.

दारूशिवाय सिरोसिस

आता पहिल्या समजुतीकडे वळू. दारूने यकृत खराब होते हे खरे आहे, आणि आपल्या धर्माने ती निषिद्ध मानली यात आपले भलेच आहे. परंतु यकृताला इजा करणारी दारू ही एकच गोष्ट नव्हे. हिपॅटायटिस बी आणि सी हे विषाणू वर्षानुवर्षे यकृतात गुपचूप राहतात. मधुमेह आणि लठ्ठपणा यांमुळे यकृतात चरबी साचते, आणि तीही काहींना सिरोसिसपर्यंत नेते. शेंगदाणे व मका ओलाव्यात ठेवल्यास त्यांवर धरणाऱ्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते, तेही कर्करोगाला हातभार लावते.

विषाणूचा संबंध किती घट्ट आहे हे तैवानमधील एका पाहणीने दाखवले. बीस्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२,७०७ पुरुषांवर अनेक वर्षे लक्ष ठेवले आणि १९८१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. हिपॅटायटिस बी बाळगणाऱ्यांत यकृताच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या दोनशेपटीहून अधिक आढळला. शिवाय हा विषाणू पेशीच्या गाभ्यात शिरकाव करून घेतो. म्हणून सिरोसिस नसतानाही तो कर्करोग घडवू शकतो. आपल्या उदाहरणातील पस्तीस वर्षांचा तरुण अशांपैकी असू शकतो.

आणि आता जी गोष्ट सांगतो ती कटू आहे. एखाद्या नमाजी, निर्व्यसनी माणसाला सिरोसिस झाला की मोहल्ल्यात कुजबुज सुरू होते : "चोरून पीत असला पाहिजे." या कुजबुजीच्या धास्तीने घरचे लोक आजार लपवतात. तालुक्याच्या डॉक्टरांकडे न जाता कावीळ उतरवणाऱ्याकडे जातात, मुळ्यांच्या पुड्या आणतात. त्या पुड्यांतील काही द्रव्ये यकृताला आणखी इजा करतात. आजारी माणूस रोगाने खचतो, त्याहून अधिक बदनामीने खचतो. ज्या माणसाने आयुष्यात थेंबाला स्पर्श केला नाही त्याच्यावर हा आळ घेणे गुन्हा नव्हे काय?

'अनफिट' या शेऱ्याचा अर्थ

आपल्यापैकी पुष्कळ घरांतील तरुण नोकरीसाठी आखाती देशांत जातात. जाण्यापूर्वी त्यांची वैद्यकीय तपासणी होते आणि तीत हिपॅटायटिस बी व सी पाहतात. दोष निघाला तर कागदावर 'अनफिट' असा शेरा पडतो. घरात आकांत होतो. व्हिसा गेला, एजंटाला दिलेले पैसे गेले, ठरत आलेले लग्न लांबले. चार-सहा महिन्यांनी सर्व शांत होते. तरुण गावातच काहीतरी धंदा सुरू करतो आणि तो कागद कपाटाच्या तळाशी जातो.

बंधूंनो, त्या कागदावर व्हिसापेक्षा मोठी गोष्ट लिहिलेली असते. तो कागद सांगत असतो की, या मुलाच्या यकृताकडे आजपासून लक्ष ठेवा. वीस-पंचवीस वर्षांनी सापडणाऱ्या गाठीची ती आगाऊ सूचना असते. त्या दिवशी कोणी डॉक्टरांकडे नेले तर पुष्कळ करता येते. हिपॅटायटिस सी साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी शंभरांपैकी पंचाण्णव जणांत पूर्ण बरा होतो. हिपॅटायटिस बी मुळासकट क्वचितच जातो, पण गरज असणाऱ्यांना औषधाने तो दाबून ठेवता येतो. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाखाली सरकारी केंद्रांत या तपासण्या आणि औषधे विनामूल्य आहेत.

ज्यांना सिरोसिस आहे, किंवा हिपॅटायटिस बी असून डॉक्टर धोका सांगतात, त्यांनी दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करावी. चीनमधील शांघाय येथे अशा सुमारे १९,००० लोकांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. सहामाही तपासणी होत असलेल्या गटात यकृताच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी आढळले, आणि तेही सर्वांनी प्रत्येक तपासणीला हजेरी लावलेली नसताना. शाळेची सहामाही परीक्षा चुकली तर पुन्हा देता येते. ही सहामाही परीक्षा चुकवू नये.

आणखी एक. हिपॅटायटिस बी एका ताटात जेवल्याने, मुसाफहा केल्याने किंवा गळाभेटीने पसरत नाही. तो रक्तातून, असुरक्षित शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून मुलाकडे जातो. म्हणून इंजेक्शनची सुई, न्हाव्याचा वस्तरा, खतना करण्याचे हत्यार ही सारी निर्जंतुक असलीच पाहिजेत. होणाऱ्या जोडीदाराला लस देता येते. तेव्हा या कारणावरून ठरलेले लग्न मोडण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्या.

पहिल्या चोवीस तासांची लस

हिपॅटायटिस बीचा शोध लावणारे ब्लुंबर्ग यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा जन्मदिवस २८ जुलै हाच जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो. तैवानने १९८४ साली नवजात बालकांना लस देण्यास सुरुवात केली आणि पुढच्या दहा वर्षांत तेथील मुलांमधील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. भारतात १९९७ साली हैदराबादेत या लसीची देशी निर्मिती सुरू झाली आणि किंमत उतरली. २०११ पासून देशभरच्या सरकारी लसीकरणात ती आहे. पहिला डोस जन्मानंतर चोवीस तासांच्या आत द्यावयाचा असतो. पुढचे डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी इतर लसींबरोबर मिळतात. बाळाच्या कानात अजान देण्यास आपण उशीर करीत नाही. तशीच ही लसही त्याच दिवशी द्यावी. तवक्कल म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. उपाय करून मग अल्लाहवर भरवसा ठेवणे होय.

तात्पर्य असे की, सर्जनची सुरी गाठ काढू शकते, पण उरणारे यकृत निरोगी करू शकत नाही. ती शिल्लक आपण आयुष्यभर राखलेली असावी लागते.

विद्यार्थी मित्रांनो, आज घरी जाऊन तीन प्रश्न विचारा. माझ्या धाकट्या भावंडांना जन्मताच हिपॅटायटिस बीची लस दिली होती काय? घरात कोणाचा 'अनफिट' लिहिलेला कागद पडून आहे काय? घरातील मधुमेही माणसांनी यकृताची तपासणी कधी केली आहे काय? वडीलधाऱ्यांना अदबीने विचारा, पण विचारा. आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी नम्र विनंती आहे की, वर्षातून एकदा पालकसभेच्या दिवशी सरकारी रुग्णालयाच्या मदतीने हिपॅटायटिस तपासणीचे शिबिर शाळेत भरवावे. कोणाचा निष्कर्ष काय आला हे तिसऱ्या माणसाला कळणार नाही, एवढी काळजी घेतली म्हणजे लोक येतील.

अल्लाह आपणा सर्वांना आरोग्य देवो, आणि आजारी माणसाकडे संशयाने नव्हे तर मायेने पाहण्याची बुद्धी देवो. आमीन.

खुदा हाफिज.